पटावरची बखर

बुद्धिबळाच्या पटावर सर्व घरे एका पातळीत असतात. रणभूमी मात्र क्वचितच सपाट असते. राजहंसगडाची चढण ज्याने चढली आहे, त्याला वर उभ्या असलेल्या माणसाचे बळ निराळे सांगावे लागत नाही. १६६१ साली उंबरखिंडीत कारतलबखानाच्या फौजेला तेच कळून चुकले. पटाला असा चढउतार देणारा ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ हा खेळ जपानमधील स्क्वेअर कंपनीने १९९७ साली काढला. आम्ही त्याचे जुने चाहते. ३० सप्टेंबर २०२५ रोजी ‘द इव्हॅलिस क्रॉनिकल्स’ या नावाने त्याची नवी आवृत्ती निघाली, म्हणून हे चार शब्द. मुख्याध्यापकाने असल्या विषयावर लिहावे काय, असे ज्यांना वाटेल त्यांनी मजकूर शेवटपर्यंत वाचावा, एवढीच विनंती.

खेळाची रीत अशी. मोजक्या शिलेदारांची तुकडी घेऊन पाळीपाळीने लढायचे. चपळ असेल त्याची पाळी आधी येते. पाठीमागून केलेला वार सहसा चुकत नाही. मंत्र म्हणण्यास वेळ लागतो, तोवर शत्रू जागा सोडून जातो. पडलेल्या गड्याला तीन पाळ्यांच्या आत उठविले नाही, तर तो कायमचा गमावला. साहजिकच प्रत्येक चाल तोलून मापून करावी लागते.

परंतु आम्हांला या खेळाने धरून ठेवले ते त्याच्या कथेमुळे. इव्हॅलिस या कल्पित राज्यात गादीसाठी दोन सरदारांचे युद्ध जुंपते. इंग्लंडातील पंधराव्या शतकाच्या गुलाबयुद्धांची छाया तीत स्पष्ट दिसते. थोर घराण्यातला रामझा आणि गरिबाघरचा डेलिटा हे बालमित्र. पुढे डेलिटा राजा होतो आणि इतिहास त्याचे गोडवे गातो. खरा पराक्रम रामझाचा. पण त्याच्यावर पाखंडीपणाचा शिक्का बसतो आणि त्याचे नाव पुसले जाते. कित्येक शतकांनंतर एक इतिहासकार दडपलेले कागद उजेडात आणून ही हकिकत सांगतो.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीने संभाजीराजांचे जे चित्र रूढ केले, ते पुसण्यासाठी वा. सी. बेंद्रे यांना वर्षानुवर्षे कागदपत्रे धुंडाळावी लागली. त्यांचा चरित्रग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. लिहिणारा कोण आणि तो कोणाच्या पदरी आहे, हा प्रश्न विचारल्यावाचून इतिहास वाचू नये, हे आम्ही वर्गात सांगतो. हा खेळ तेच सांगतो, आणि मुले ते विसरत नाहीत.

आता नव्या आवृत्तीविषयी. पात्रांना आवाज लाभले आहेत, आणि मूळ लेखक यासुमी मात्सुनो यांनी संवादांवर पुन्हा हात फिरविला आहे. त्यामुळे डेलिटाच्या महत्त्वाकांक्षेमागची जखम आता अधिक जाणवते. काठिण्याच्या तीन पायऱ्या आहेत, शिवाय जुने रूपही जोडीला दिले आहे. उणिवाही आहेत. २००७ सालच्या आवृत्तीत वाढविलेले पेशे आणि प्रसंग येथे गाळले आहेत. ते ज्यांना प्रिय होते त्यांना हा वारसा अपुरा वाटेल. उत्तरार्धात एक वृद्ध सेनानी आपल्या बाजूस येऊन मिळतो आणि त्याच्यापुढे शत्रूचे काही चालत नाही. हा जुना दोष कायमच आहे. तरीही आमचा कौल या आवृत्तीच्या बाजूनेच आहे.

एक खंत मात्र उरते. हा खेळ जपानी, इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन बोलतो. कंग्राळीतल्या मराठी शाळेचा मुलगा त्यातील जुन्या वळणाच्या इंग्रजीशी झुंजत अर्ध्या कथेला मुकतो. बखरी, गडकोट आणि घाटवाटा एवढे धन ज्या भाषेपाशी आहे, तिच्यातून असा खेळ का निघू नये? तो निघेपर्यंत पालकांनी एवढे करावे. मुलगा खेळत असता क्षणभर शेजारी बसावे आणि विचारावे, ‘बाळ, ही गोष्ट सांगतो आहे कोण?’