वेताळाचे डोळे

जयपूरमध्ये दोन पिढ्यांपासून राहणाऱ्या एका मराठी कुटुंबातली ही गोष्ट. बाबा पन्नाशी ओलांडलेले, रेल्वेत नोकरीला. मुलगी कॉलेजात. 2019 साली 'अॅव्हेंजर्स : एंडगेम' लागला तेव्हा ती पहिल्याच दिवशी मैत्रिणींबरोबर जाऊन आली आणि रडून रडून डोळे सुजवून घरी परतली. बाबांना हसू आवरेना.

"अगं, पँटवर चड्डी घालणाऱ्यांसाठी कसलं रडायचं?"

"आणि तुमचा वेताळ, बाबा? तो काय धोतर नेसायचा?"

बाबा गप्प. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत इंद्रजाल कॉमिक्सचे गठ्ठे आहेत आणि ते रद्दीत द्यायची कुणाची छाती नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना इंद्रजालची ओळख करून द्यायला नको. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशकांनी मार्च 1964मध्ये ती मालिका सुरू केली आणि 1990मध्ये बंद केली. ली फॉक यांनी 1936 साली अमेरिकेत जन्माला घातलेला 'फँटम' आपल्याकडे मराठीत वेताळ झाला, हिंदीत वेताल. जयपूरच्या या मुलाला तो दोन्ही भाषांत भेटला. वडील रेल्वेत. ड्यूटीवरून परतताना स्टेशनवरच्या स्टॉलवरून हिंदी अंक आणायचे. मे महिन्यात पुण्याला मामाकडे गेलं की मराठी अंक वाचायला मिळायचे. जयपूरला 1976 साली राजमंदिर थिएटर सुरू झालं. तिथल्या भल्यामोठ्या पडद्यावर एक दिवस वेताळाचा सिनेमा लागणार, असं स्वप्न त्या मुलानं कितीतरी वर्षं जपलं.

सिनेमा आला, पण 1996 साली. तोवर मुलाचा बाप्या झाला होता, संसार सुरू झाला होता आणि सिनेमा पाहायचा राहून गेला. एंडगेमवरून झालेल्या त्या थट्टेनंतर मुलीनंच तो शोधून काढला आणि एका रविवारी दोघं टीव्हीसमोर बसले.

दहाव्या मिनिटाला पहिली तक्रार. "डोळे दिसतायत याचे!"

चित्रात वेताळाच्या मुखवट्याआड बुबुळं कधीच नसत. नुसती पांढरी जागा. त्याचा खरा चेहरा पाहणाऱ्याला भयानक मरण येतं, अशी जंगलातली जुनी म्हण. इथे बिली झेन या नटाचे डोळे चक्क दिसत होते. पट्ट्यापट्ट्यांची चड्डीही गायब.

"बाबा, माणूस आहे तो. बुबुळांशिवाय घोड्यावर कसा बसणार?" मुलीनं समजावलं. ते त्यांना पटलं.

मग दुसरी तक्रार. "सेंघ नाही गं, सिंगा! सिंगा चाचे. आणि डेंकालीचं नाव कुठाय?"

मुलीनं मोबाइलवर शोधाशोध केली आणि बाबांचीच विकेट काढली. मूळ इंग्रजीत त्या चाच्यांचं नाव 'सिंग' आणि वेताळाच्या देशाचं नाव थेट बंगालची आठवण करून देणारं. भारतीय वाचकाला ते खटकेल म्हणून इंद्रजालनं सिंगचं सिंगा केलं आणि देशाचं डेंकाली. म्हणजे बाबा ज्याला 'अस्सल' समजत होते, तोच बदललेला निघाला! जन्मभर जपलेल्या गोष्टीला कुणी असा धक्का दिला की माणूस थोडा चिडतो. तेही चिडले. मग स्वतःच हसले. "आमच्यासाठी डेंकालीच खरी," म्हणाले.

तिसऱ्या गोष्टीला मात्र त्यांना हसू आलं नाही.

सिनेमात वेताळाचे मेलेले वडील भूत होऊन येतात. मुलाशी गप्पा मारतात, चार शब्द सुनावतात. हे पाहताच बाबा उठून बसले. "हे चूक आहे. साफ चूक."

"का हो? मजा येतेय की."

"अगं, सगळं जग त्याला भूत समजतं, पण भूत नसतंच, हेच तर वेताळाचं गुपित! बाप जातो, मुलगा त्याचा पोशाख चढवतो. चारशे वर्षं असंच. एकविसावा आहे हा. बाप येऊन सांगत बसला, तर मुलानं काय केलं?"

मुलगी काही बोलली नाही. आजोबा नोकरीत असतानाच गेले, हे तिला माहीत होतं. रेल्वेनं अनुकंपेवर मुलाला घेतलं तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. वडील ज्या कचेरीत बसत, त्याच कचेरीत तो सोमवारी सकाळी जाऊन बसला. काम कसं करायचं, घर कसं चालवायचं, धाकट्या बहिणीचं लग्न कसं जमवायचं, हे सांगायला कुणी आलं नव्हतं.

सिनेमा अमेरिकेत फारसा चालला नाही. त्याची कारणं समीक्षकांनी सांगितली असतील. चाहत्याचा हिशेब वेगळा असतो. पोशाखाचा रंग, चाच्यांची नावं यावरून तो भांडतो, पण ते भांडण वरवरचं. एखादी गोष्ट त्यानं अडीनडीला उशाशी घेतलेली असते आणि दिग्दर्शकानं नेमका तिलाच हात लावला की त्याच्या जिव्हारी लागतं. एंडगेम पाहून रडणाऱ्या मुलीचंही तेच होतं. हे बाबांना त्या दिवशी उमगलं.

रात्री माळ्यावरची ट्रंक खाली आली. धूळ झटकता झटकता मुलीनं विचारलं, "बाबा, एकविसांमध्ये मुलगी एकही नाही?"

"आहे ना! सतरावा जखमी झाला, तेव्हा त्याच्या जुळ्या बहिणीनं पोशाख चढवला होता. ज्युली तिचं नाव. थांब, सापडतो का बघू तो अंक."

दोघं गठ्ठे सोडायला बसले. स्वयंपाकघरातून जेवणासाठी तीनदा हाक आली, पण दोघांपैकी एकालाही ती ऐकू गेली नाही.