लोण्याचे कौतुक आणि मताचे मोल

परदेशवारी करून आलेल्या सुशिक्षित माणसाच्या बोलण्यात काही गोष्टी ठरलेल्या असतात. तेथील रस्ते स्वच्छ असतात, कचेरीतील काम चिरीमिरी न देता होते, आजारी माणसाला रुग्णालयाच्या बिलाची धास्ती नसते. हे वर्णन बहुधा खोटे नसते. मात्र त्याचा शेवट जवळजवळ नेहमी एकाच उद्गाराने होतो : आपल्याकडे हे व्हावयाचे नाही, आपली माणसेच तशी नाहीत. परक्यांच्या कौतुकाची परिणती अशा रीतीने स्वजनांच्या तिरस्कारात होते. याच्या उलट टोकाला संस्कृतीचे अभिमानी उभे असतात. जे जे चांगले ते आपल्या पूर्वजांपाशी होतेच, तेव्हा परक्यांकडून घ्यावयाचे काय, असा त्यांचा सवाल असतो. वरकरणी परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही पक्षांचे एका बाबतीत मात्र एकमत असते. समाजाचे गुण हे त्याच्या रक्तात किंवा मातीत असतात, असे दोघेही धरून चालतात. ते गुण कोणी, केव्हा आणि कोणती किंमत मोजून घडविले, हा प्रश्न दोघांनाही पडत नाही.

समाजवादी विचाराच्या माणसाने नेमका हाच प्रश्न विचारला पाहिजे. त्यासाठी डेन्मार्कचे उदाहरण तपासून पाहण्यासारखे आहे. या चिमुकल्या देशाच्या दुधालोण्याची, सहकाराची आणि कल्याणकारी राज्याची स्तुती आपल्याकडे वारंवार होत आली आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेन्मार्क हा हेवा करण्याजोगा देश नव्हता. १८६४ साली प्रशिया व ऑस्ट्रिया यांच्याशी झालेल्या युद्धात त्याचा दारुण पराभव झाला आणि श्लेस्विग व होल्श्टाइन हे संपन्न प्रांत हातचे गेले. पाठोपाठ १८७० नंतरच्या दशकात अमेरिका व रशियातील स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात लोटले आणि धान्य निर्यातीवर जगणाऱ्या डॅनिश शेतकऱ्याच्या पायाखालची वाळू सरकली. जर्मनीने १८७९ मध्ये आयात धान्यावर जकात बसवून आपल्या जमीनदारांना आडोसा दिला. डॅनिश शेतकऱ्याने वेगळा मार्ग धरला. स्वस्त झालेले धान्य विकत घेऊन त्याने ते गुरांना घातले आणि धान्याऐवजी लोणी इंग्लंडला पाठविण्यास आरंभ केला.

परंतु चांगले लोणी करावयाचे तर दुधातून साय वेगळी काढणारे नवे यंत्र हवे, आणि चार-सहा गाई बाळगणाऱ्या शेतकऱ्याला ते परवडणारे नव्हते. अशा वेळी सामान्यतः कोणी भांडवलवाला येतो, यंत्र बसवितो आणि दुधाचा भाव आपण ठरवितो. १८८२ साली पश्चिम जटलंडमधील येडिंग या खेड्यातील शेतकऱ्यांनी ही पाळी येऊ दिली नाही. त्यांनी एकमेकांची हमी घेऊन कर्ज उभारले आणि स्वतःची डेअरी काढली. नफा ज्याने जितके दूध घातले त्या प्रमाणात वाटावयाचा, साय काढलेले दूध डुकरांच्या खाद्यासाठी सभासदांना परत द्यावयाचे, अशी ही व्यवस्था होती. अशा डेअऱ्या पुढे शेकड्यांनी निघाल्या. त्यांत रूढ झालेला नियम फार मोलाचा आहे : मते माणसांच्या डोक्यांवर मोजावयाची, गुरांच्या डोक्यांवर नव्हे. शंभर गाईंच्या धन्याला एक मत आणि दोन गाईंच्या कुणब्यालाही एकच मत. १८८७ मध्ये जर्मनीने डेन्मार्कच्या जिवंत डुकरांची आयात बंद केली, तेव्हा त्याच वर्षी हॉर्सेन्स येथे शेतकऱ्यांनी मांसप्रक्रियेचा पहिला सहकारी कारखाना सुरू केला. एक संस्था चालविणारे हात दुसरी उभारण्यास तयार होते.

हे हात तयार कोठून झाले? जमीनदाराच्या हद्दीबाहेर जाण्यास कुळांच्या मुलांना बंदी करणारा कायदा डेन्मार्कमध्ये १७८८ साली रद्द झाला. १८१४ च्या कायद्याने सर्व मुलामुलींना सात वर्षांचे शिक्षण सक्तीचे केले. १८४४ साली ग्रुंटविग यांच्या विचारातून पहिले लोकविद्यालय निघाले आणि १८६४ च्या पराभवानंतर अशा विद्यालयांची संख्या झपाट्याने वाढली. तेथे परीक्षा नव्हती, पदवी नव्हती. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावली की तरुण आणि उन्हाळ्यात तरुणी काही महिने तेथे राहत. इतिहास ऐकत, गाणी गात, सभेत उभे राहून बोलण्यास शिकत. येडिंगचा शेतकरी हिशेबाची वही वाचू शकत होता, कारण त्याच्या बापालाही शाळा मिळाली होती. यंत्र विकत आणता येते. ते चालविणारी सभा दोन पिढ्यांत तयार करावी लागते.

योगायोग असा की, याच १८८२ साली जोतीराव फुले पुण्यात हंटर आयोगापुढे निवेदन सादर करीत होते. बहुजनांच्या मुलांना निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. शेतकऱ्याच्या घामावर सरकारचा महसूल उभा आहे आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गाला मिळतो, ही विसंगती त्यांनी दाखवून दिली. ती मागणी मान्य झाली नाही. गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली पाऊल उचलले. साऱ्या देशाला शिक्षणहक्काचा कायदा मिळण्यास २००९ साल उजाडले. डॅनिश माणूस आणि मराठी माणूस यांच्यातील ‘रक्ताचा’ फरक म्हणतात तो हाच. तो शाळेचा आणि सत्तेचा फरक आहे.

परक्यांचे कौतुक कसे करावे, याचा वस्तुपाठही जोतीरावांनीच घालून दिला आहे. १८७३ साली प्रसिद्ध झालेला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील ज्या सज्जनांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी स्वार्थत्याग केला, त्यांना अर्पण केला आणि देशबांधवांनी त्यांचे अनुकरण करावे अशी इच्छा प्रकट केली. त्यांनी अमेरिकेची संपत्ती वाखाणली नाही. एका कृतीला वंदन केले आणि त्या कृतीने आपल्या माणसांवर पडणारी जबाबदारीही त्याच ठिकाणी सांगितली. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेत काळ्या माणसांचे हक्क पुन्हा हिरावले गेले. तरी जोतीरावांची अर्पणपत्रिका खोटी ठरत नाही, कारण तिचा मान देशाला नसून मुक्तीच्या कार्याला होता.

हाच निकष डेन्मार्कलाही लावला पाहिजे. या देशाने तमिळ किनाऱ्यावरील तरंगमबाडी १८४५ पर्यंत आपल्या ताब्यात ठेवली आणि वेस्ट इंडीजमधील आपल्या बेटांवर १८४८ पर्यंत गुलामगिरी चालविली. सहकारी डेअरीचा सभासद असलेल्या शेतकऱ्याच्या घरी राबणारे गडी व मोलकरणी मालकाला बांधून ठेवणाऱ्या कायद्याखाली होत्या; तो कायदा १९२१ पर्यंत टिकला. १९४३ साली सात हजारांवर ज्यूंना कोळ्यांच्या होड्यांतून स्वीडनला पोहोचवून नाझींपासून वाचविणारा हा समाज; त्याच देशात २०१८ साली रहिवाशांचे मूळ ‘बिगर-पाश्चात्त्य’ आहे काय, यावरून वस्त्यांची वर्गवारी करणारे कायदे झाले. देश असा संमिश्र असतो. त्यातील काय घ्यावे आणि कशाचा निषेध करावा, हे सांगण्यास मूल्य लागते.

आता आपल्या घराकडे वळावे. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा येडिंगचेच तत्त्व महाराष्ट्राच्या मातीत रुजले होते. एक सभासद, एक मत हा नियम आपल्या कायद्यातही आहे. पण वार्षिक सभेत अहवालाची पाने उलटण्यापूर्वीच ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो. वजनकाट्याबद्दल शंका घेणाऱ्याचा ऊस फडात वाळत राहील, ही भीती सभासदाच्या मनातून गेलेली नाही. अनेक कारखाने आजारी पडून खाजगी हातांत गेले आणि सभासद पाहत राहिले. ज्यांच्या कोयत्याशिवाय गाळप होत नाही, त्या ऊसतोडणी कामगारांना तर या सहकारात मतच नाही. डेन्मार्कच्या गड्यांना जे १९२१ पर्यंत भोगावे लागले, त्याहून बिकट जिणे ते आजही जगत आहेत.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. डेन्मार्कमधील मोफत रुग्णालयाची वाखाणणी करणारा वर्ग घरी आला की कराच्या नावाने कपाळाला आठ्या घालतो. तेथे राष्ट्रीय उत्पन्नाच्या चाळीस टक्क्यांहून अधिक रक्कम करांच्या रूपाने गोळा होते. आपल्याकडे केंद्र व राज्ये मिळून ती वीस टक्क्यांच्या आत आहे, आणि त्यातही अप्रत्यक्ष करांचा मोठा भार गरिबाच्या मिठामिरचीवर पडतो. श्रीमंतांकडून कर घेण्याची तयारी नसताना कल्याणकारी राज्याचे कौतुक करणे म्हणजे पेरणी न करता खळ्याची स्वप्ने पाहणे होय.

कार्यकर्त्यांनी यातून करावयाचे काम साधे आहे. गावातील दूध संस्थेचा, सोसायटीचा, कारखान्याचा ताळेबंद सभेपूर्वी मिळविणे, तो दहा सभासदांना ओळीने समजावून सांगणे आणि सभेत प्रश्न विचारणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे. सुगी संपल्यावर आठ दिवसांचा अभ्यासवर्ग घेणे, आणि त्यात ऊसतोडणी करणाऱ्यांना आणि घरातील स्त्रियांना मानाने बोलावणे. येडिंगच्या शेतकऱ्यांचे खरे कौतुक करावयाचे असेल, तर ते अशा सभेतच करता येईल.