खटला तिचा, खबर मात्र तिलाच नाही

लोहारा तालुक्यात हिंसाचाराला बळी पडलेल्या बायांबरोबर काम करताना मला एकच प्रश्न सतत ऐकावा लागतो, "ताई, आमच्या केसचं काय झालं?" सोसले तिने, फिर्यादही तिची, पण खटला सरकार विरुद्ध आरोपी. कोर्टात ती केवळ साक्षीदार. आरोपीला जामीन झाला हे तिला कळते, तो गावच्या पारावर बसलेला दिसतो तेव्हा! मग धमक्या सुरू होतात, घरचेही मिटवून घे म्हणतात. साक्ष फिरते ती अशी. आणि लोक म्हणतात, बाईच उलटली.

मथुरा प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडले. त्याविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून १९८३ मध्ये कायदा बदलला, बलात्काराचे खटले बंद दालनात चालवण्याची तरतूद झाली. २००९ पासून पीडितेला निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार तपास कुठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांत तिला कळवायचे आहे. पण निकाल लागल्याचेच कळले नाही, तर अपील करणार कधी?

अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ ने हे नेमके ओळखले आहे. जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना, म्हणणे मांडण्याचा हक्क, येण्याजाण्याचा खर्च, हे सारे त्यात आहे. ही सूचना बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले. दलित-आदिवासींसाठी असलेल्या या कलमाची आधी काटेकोर अंमलबजावणी व्हावी, आणि हाच हक्क प्रत्येक पीडित स्त्रीला मिळावा, अशी मागणी आपण लावून धरली पाहिजे. कोर्टांवर कामाचा बोजा आहे, असे उत्तर मिळेल. साक्षीसाठी तिला समन्स पोचते ना? मग जामिनाची खबर का पोचू नये?

तोवर मैत्रिणींनो, एवढे करूया. एफआयआरची मोफत प्रत घेऊनच ठाण्यातून बाहेर पडायचे. तालुका विधी सेवा समितीकडे वकिलासाठी अर्ज करायचा. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जामिनाच्या वेळी आमचे ऐकून घ्या, असा लेखी अर्ज कोर्टात द्यायचा. २०२२ मध्ये लखीमपूर खिरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पीडितांचा हा हक्क मान्य केला आहे. आणि तारखेला तिला एकटीला पाठवायचे नाही. गटातली एक तरी बाई सोबत हवीच.