संशोधनपद्धतीचे सोवळे

आमच्या विद्यापीठांतून एक नवे सोवळे पाळले जात आहे. प्रबंध लिहू इच्छिणारा विद्यार्थी मार्गदर्शकापुढे उभा राहिला की त्यास पहिला प्रश्न येतो तो हा, की तुझे प्रतिमान कोणते? तू प्रत्यक्षार्थवादी की अन्वयार्थवादी? तुझे संशोधन संख्यात्मक की गुणात्मक? त्या बिचाऱ्यास काय जाणून घ्यावयाचे आहे, हे विचारण्याची पाळी पुष्कळदा येतच नाही. गोत्र ठरले, आता स्थळ पाहावयास हरकत नाही, अशातला हा प्रकार आहे. २००९ च्या नियमावलीपासून पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांस संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. सक्तीबद्दल आमची तक्रार नाही. ज्ञानाच्या साधनांचे शिक्षण देण्याऐवजी त्यांच्या नावांची संथा दिली जाते, ही आमची तक्रार आहे.

वास्तविक 'प्रतिमान' हा शब्द ज्या अर्थाने प्रसिद्धीस आला तो अर्थ निराळाच आहे. टॉमस कून यांनी वैज्ञानिक क्रांतीवरील आपल्या १९६२ च्या ग्रंथात तो वापरला, तो शास्त्रज्ञांचा समाज प्रत्यक्षात कसा चालतो हे सांगण्यासाठी. एखादे मोठे यश सर्वमान्य होते, नवशिके त्याच्या नमुन्यावर घडतात, आणि कोणते प्रश्न विचारण्याजोगे हेही त्यावरूनच ठरते. कोणा शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत शिरण्यापूर्वी चार नावांच्या यादीतून एकावर खूण केली, असे त्यांनी कोठेही सांगितलेले नाही. ज्याचे वर्णन करावयाचे ते पाळण्याचे व्रत होऊन बसले, यात दोष शब्दाचा नव्हे, उपाध्यायांचा आहे.

हा वाद हवेत राहू नये म्हणून एक परिचित उदाहरण घेऊ. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रोग्यास पाहिले आणि हा ग्रंथिज्वर, म्हणजे प्लेग, असल्याचे ओळखले. ही एका रोग्याची बारकाईने केलेली पाहणी होती. येथे नमुना केवढा घेतला, असे विचारणे हास्यास्पद होईल. गाठ ओळखण्यास शंभर रोगी लागत नाहीत. एक रोगी आणि जाणती नजर पुरते.

पण लस गुणकारी आहे की नाही, हे एका रोग्यावरून कळत नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये आपली लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्यावरून त्यांचे धैर्य सिद्ध झाले, लसीची शक्ती नव्हे. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा जे कैदी खुषीने पुढे आले त्यांस लस दिली गेली, आणि पुढे त्यांच्यात रोगी कमी आढळले. तरीही चिकित्सकाची शंका उरतेच. आपण होऊन पुढे येणारे मुळातच अधिक धडधाकट किंवा अधिक सावध नसतील कशावरून? पुढे उमरखाडीच्या तुरुंगात कैद्यांस ओळीने बसवून एक सोडून एकास लस टोचण्यात आली. वाचकांनी या लहानशा फरकाचे महत्त्व मनात आणावे. निवड कैद्याच्या मर्जीवर राहिली नाही, वैद्याच्याही नाही. म्हणून दोन्ही गटांची तुलना विश्वासास पात्र झाली. संशोधनाचा आराखडा म्हणतात तो हाच. एका विशिष्ट शंकेस दिलेले ते विशिष्ट उत्तर असते.

रोग पसरतो कसा, हा तिसरा प्रश्न. १८९८ मध्ये कराचीस पोल-लुई सिमाँ यांनी आजारी उंदराजवळ निरोगी उंदीर असा ठेवला की दोघांचा स्पर्श होऊ नये, पिसवांस मात्र वाट मोकळी असावी. निरोगी उंदीर प्लेगाने मेला. हे मत पुष्कळांनी वर्षानुवर्षे मानले नाही. १९०५ नंतर मुंबईत प्लेग संशोधन मंडळाने पिंजरे पिसवांच्या उडीबाहेर टांगून आणि जाळीने झाकून पुन्हा पुन्हा प्रयोग केले, तेव्हा ते मान्य झाले.

आता चौथा प्रश्न पाहा. लोक आपले रोगी लपवीत का होते? ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर का चालून गेले? पुण्यात घरोघर सोजिरांकडून झालेल्या झडत्यांनी एवढा क्षोभ का उसळला, की जून १८९७ मध्ये रँडसाहेबांवर गोळी झाडली जावी? हे एक सोडून एकास टोचून कळणार नाही. त्यासाठी तत्कालीन पत्रे, अर्ज, वृत्तपत्रे, सरकारी दप्तरे वाचली पाहिजेत. देवघरात बूट गेल्याचा अर्थ त्या घरच्यांस काय वाटला, हे त्यांच्या बाजूने समजून घेतले पाहिजे. आणि हे ज्ञान शोभेचे नव्हे. लस कितीही गुणकारी असो, ती आणणाऱ्यावर विश्वास नसेल तर दार उघडत नाही.

एकच साथ, एकच दशक. आणि चार प्रश्नांस चार वाटा. यांतील कोणती वाट 'शास्त्रीय' आणि कोणती नाही, असे विचारणाराने वाटही पाहिली नाही आणि गावही पाहिले नाही.

यावर पूर्वपक्ष असा येईल, की आकडे माणसास स्वतःच्या लहरीपासून वाचवितात; अर्थ लावू लागले की जो तो आपल्यास हवा तो लावतो. या आक्षेपात तथ्य आहे, आणि अन्वयार्थाच्या नावाखाली ओळखीच्या पाचसात जणांशी गप्पा मारून प्रबंध सजविणाऱ्यांची आम्हांस मुळीच भीड नाही. परंतु आकडाही लहरीपासून मुक्त नसतो. भायखळ्याचा आकडा खरा असूनही शंकेस जागा ठेवतो, ती आराखड्यामुळे. उलट दप्तरे वाचणारासही शिस्त आहे: कागद कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, विरुद्ध साक्ष कोठे आहे, ती दडविली तर नाही ना? शिस्त दोहोंकडे आहे आणि आळसही दोहोंकडे आहे.

दुसरा आक्षेप असा, की नवशिक्यास चौकट हवीच. हवी खरी, पण सुतार उमेदवारास हत्यारांची नावे पाठ करवून सोडीत नाही. लाकूड पुढे टाकतो, काय घडवावयाचे ते सांगतो, आणि मग रंधा केव्हा व किकरे केव्हा हे हाताने शिकवितो.

हा प्रश्न विद्यापीठाच्या आवाराबाहेरचाही आहे. अमुक खाल्ल्याने आयुष्य वाढते, तमुक शिकवणीने मुले हुशार होतात, असे 'संशोधनाने सिद्ध' झाल्याचे आमच्या घराघरांत रोज वाचले जाते, आणि त्यावर पैसा व मुलांची वर्षे खर्ची पडतात. त्या शिकवणीस गेलेली मुले कोणी निवडली होती, न गेलेल्यांशी त्यांची तुलना केली काय, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय सुशिक्षित गृहस्थ-गृहिणींस लागली, तर निम्म्या जाहिराती ओस पडतील. ही सवय ज्यांनी समाजास लावावयाची तेच पदवीधर नामावळीचे पाठांतर करून बाहेर पडत असतील, तर ती येणार कोठून?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. विद्यार्थ्यास प्रथम त्याचा प्रश्न विचारावा. मग, उत्तर चुकीचे असेल तर ते कशावरून उघडकीस येईल, हे विचारावे. या दोहोंचे उत्तर त्यास आपल्या शब्दांत देता आले, की त्याच्या पद्धतीस कोणते नाव द्यावयाचे ते खुशाल परीक्षकांनी ठरवावे. ते देता आले नाही, तर प्रतिमानाचा अध्याय कितीही जाडजूड असो, प्रबंध परत करावा.