नजरबंदी नव्हे, शुश्रूषा!

संमोहन हा शब्द काढला, की आमच्या श्रीपुरात लोकांना आठवतो तो जत्रेच्या तंबूतला काळ्या कोटाचा जादूगार, नाहीतर डोळ्यांत डोळे घालून बायाबापड्यांच्या बांगड्या उतरवून घेणारा भोंदू. जादूगाराशी आमचे वैर नाही. बिचाऱ्याचे पोट त्यावर आहे. भोंदूला पोलीस पाहून घेतील. आमचे भांडण आहे ते हा शब्द ऐकून मंद हसणाऱ्या आणि हसता हसता गुंगीची सुई भरणाऱ्या विद्वान डॉक्टरमंडळींशी!

अहो, ही विद्या याच देशात गाजली. ४ एप्रिल १८४५ रोजी हुगळी येथे जेम्स एस्डेल या स्कॉटिश शल्यवैद्याने एका कैद्याला मोहिनीनिद्रेत नेऊन शस्त्रक्रिया केली. पुढच्याच वर्षी कलकत्त्यास त्याच्यासाठी स्वतंत्र रुग्णालय निघाले. पण १८४६ मध्ये ईथर आले, १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आले आणि मोहिनी मागे पडली. ते रास्तच झाले. रोग्याच्या अंगावरून तासन्‌तास हात फिरवीत बसण्यापेक्षा ईथरचे चार हुंगे बरे! पण हात फिरवणे थांबले, तसे रोग्याशी बोलणेही थांबावे काय?

आज प्रश्न पूर्ण भुलीचा नाहीच. दुर्बिणीची तपासणी, रक्तवाहिनीत नळी सरकवणे अशा कामांत रोग्याला अर्धवट गुंगी देतात. अशाच २४१ रोग्यांवरचा डॉ. एल्व्हिरा लँग यांचा प्रयोग २००० साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. औषध मागण्याची मुभा साऱ्यांनाच होती. तरी ज्यांना स्वसंमोहनाने सैल व्हायला शिकवले, त्यांना औषध जवळजवळ निम्मे पुरले. आणि नेहमीच्या पद्धतीने ७८ मिनिटे घेणारे काम ६१ मिनिटांत उरकले. बेल्जममधील लिएज येथे तर १९९२ पासून जागेवरची भूल, थोडी गुंगी आणि संमोहन यांवर शस्त्रक्रिया करतात, गळ्याच्या गाठीही काढतात.

“सकाळी पन्नास रोगी असतात, बोलायला वेळ कुणाला?” ही नेहमीची सबब. मग ती वाचलेली सतरा मिनिटे कुणाची? शिवाय गुंगी दिलेल्या माणसाला त्या दिवशी एकटे सोडता येत नाही. ऐन गळिताच्या हंगामात ऊसतोडणीचा एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एक आजारी पडला की दोघांचीही मजुरी बुडते. दमेकरी म्हाताऱ्याचा श्वास गुंगीने मंदावतो, ते भय वेगळेच.

प्रत्येकाला संमोहन सारखे लागत नाही, हे खरे. गुंगीची सुई आणि भूलतज्ज्ञ हाताशी हवेतच. ‘औषधावाचून सारे’ म्हणणाऱ्याला खुशाल हाकलून द्या. पण निदान “आता दुखेल हं, घट्ट धरा याला!” हे ओरडणे तरी बंद करा. अशा इशाऱ्याने दुखणे आणि धास्ती वाढते, हे त्याच लँगबाईंनी २००५ साली दाखवले आहे. आमच्या आज्या काटा काढताना पोराला चिमणी दाखवीत, त्यांना ते ठाऊक होते.

सोलापुरास १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथून दरवर्षी चार परिचारिकांना ही विद्या रीतसर शिकवून अकलूज-पंढरपूरच्या दवाखान्यांत धाडायला नवी यंत्रे लागत नाहीत, इमारत लागत नाही. लागते ती एक खुर्ची, रोग्याच्या उशाशी.