सव्वीस किलोचा कट्टा

कर टाळणारा व्यापारी दिसला की आपल्याकडे एकच उपाय सुचवला जातो: कायदा आणखी कडक करा. माणसाची नियतच खोटी, तेव्हा सरकारने पळवाटा बुजवत राहावे. तांदळाच्या बाजारात हे करून झाले आहे.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा नोंदणीकृत ब्रँडच्या पाकीटबंद धान्यावर 5 टक्के कर बसला, बाकीचे माफ. ब्रँडच्या नोंदण्या रद्द होऊ लागल्या. मग सरकारने 15 मे 2017 ही तारीख धरली. त्या दिवशी नोंदणी असेल तर कर लागणारच. सोबतच ब्रँडवरचा हक्क सोडल्याचे प्रतिज्ञापत्र मागितले, तसा मजकूर पिशवीवर छापायला लावला. तेवढ्यानेही भागेना, म्हणून 18 जुलै 2022 पासून ब्रँड सोडून वजन धरले: लेबल लावलेल्या 25 किलोपर्यंतच्या पिशवीवर कर, त्याहून मोठीला माफी. बाजारात 26 किलोचे कट्टे आले.

50 रुपये किलोचा तांदूळ धरा. 25 किलोचा कट्टा करासह 1,312 रुपये 50 पैशांना पडतो. 26 किलोचा 1,300 रुपयांना. किलोभर जास्त तांदूळ कमी पैशांत मिळत असेल तर गिऱ्हाईक दुसरे काय घेईल? यात कुणीही कायदा मोडलेला नाही. तो जसा लिहिला आहे तसाच पाळला आहे.

मग सगळ्या धान्याला एकच नियम का नको? त्यावरचा आक्षेप वजनदार आहे. दरांतले फरक आणि सवलती गरिबांसाठी असतात, सरसकट नियमात तेच भरडले जातील, असे म्हणतात. हेतू मला मान्य आहे. पण पाच किलोची पिशवी घेते कोण? हातात येईल तसा खर्च करणारे कुटुंब. सुटा तांदूळ करमुक्त आहे हे खरे. तरी पाकीट घेतले की कर त्याच्याच माथी, आणि एकदम तेराशे रुपये मोजू शकणारा सुटतो.

म्हणून धान्यावर सरसकट शून्य दर ठेवा. वजन, वेष्टन, लेबल काही विचारू नका. थोडा महसूल बुडेल, तो बुडू द्यावा. पराठ्याचे उदाहरण ताजे आहे. पोळीला 5 टक्के, मग गोठवलेल्या पराठ्याला किती, हा वाद गुजरातेत अपिलापर्यंत गेला आणि 2022 मध्ये 18 टक्के असा निकाल लागला. 22 सप्टेंबर 2025 पासून दोन्हींचा दर शून्य झाला आणि पराठा म्हणजे पोळी की नाही, हे ठरवायची कुणालाच गरज उरली नाही. जीएसटी परिषदेने हाच न्याय तांदूळ, गहू, डाळींना लावावा आणि 25 किलोची अट काढून टाकावी.