खुर्ची बदलते तेव्हा

पुण्यातील महाविद्यालयांत प्रवेशाचे दिवस सुरू झाले की शिष्यवृत्ती विभागाच्या खिडकीपुढे रांग लागते. अशाच एखाद्या वर्षी त्या खिडकीमागची खुर्ची रिकामी होते. जुने प्रमुख निवृत्त होतात आणि कपाटाच्या किल्ल्या व धर्मादाय निधींच्या फायली नव्या प्रमुखाच्या स्वाधीन होतात. सत्काराची शाल आणि नारळ एका दिवसात आटोपतात; खरा कारभार दुसऱ्या दिवशी सुरू होतो.

व्यापारी घरातील मुलगा पेढीवर बसतो तेव्हा जाणता बाप त्याला आधी गल्ला दाखवत नाही, उधारीची वही दाखवतो. कोणाकडे किती अडकले आहे, कोण यंदा अडचणीत आहे, हे कळल्याशिवाय पेढी कळत नाही. शिष्यवृत्ती विभागाचेही तसेच आहे. किती रक्कम वाटली याचा तक्ता भिंतीवर असतो. परंतु कोणाचे शुल्क थकले आहे आणि कोणी मधेच शिक्षण सोडले, हे त्या तक्त्यात नसते. नव्या प्रमुखाने पहिला आठवडा या नावांना द्यावा.

शासकीय योजनांची माहिती आज पूर्वीपेक्षा सहज मिळते. महाराष्ट्रात बहुतेक अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावरून होतात आणि कित्येक योजनांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक ८ लाख रुपये आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, या उत्पन्नमर्यादेतील आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. जैन समाजाला २०१४ मध्ये राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाल्याने अल्पसंख्याकांसाठीच्या योजनांचे दारही उघडले. पण मंजूर रक्कम खात्यात येईपर्यंत बरेच महिने जातात, आणि वसतिगृहाचे, खानावळीचे पैसे मात्र आजच द्यावे लागतात. या मधल्या काळात विद्यार्थी गळतो. महाविद्यालयाच्या स्वतःच्या निधीचा खरा उपयोग इथेच आहे. छोटी, परत येणारी उसनवार रक्कम वेळेवर मिळाली, तर नंतरच्या मोठ्या शिष्यवृत्तीहून ती अधिक कामाची ठरते.

आणि मग येतो आपल्या समाजाचा अवघड प्रश्न. आडनाव शहा, ओसवाल किंवा कोठारी असले की समोरचा गृहीत धरतो, घरी सुबत्ता असणार. भवानी पेठेत किंवा रविवार पेठेत भाड्याच्या गाळ्यात चालणारे दुकान बंद पडले, वडिलांचे आजारपण आले, तरी तो मुलगा खिडकीपाशी येत नाही. त्याला रांगेत पाहणारा नातलग भेटेल, ही भीती अर्जातील कोणत्याही रकान्यापेक्षा मोठी असते. शिवाय उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा असतो, आणि दुकान या वर्षी बुडालेले असते. कागद खोटा नाही, पण तो जुना आहे. अशा ठिकाणी नव्या प्रमुखाला केवळ नियम वाचून भागत नाही. वर्गशिक्षकांना विचारावे लागते, बंद दाराआड दहा मिनिटे बसावे लागते, प्रकरण समितीपुढे नावाशिवाय मांडावे लागते.

सम्यक्त्वाच्या आठ अंगांत उपगूहन आणि स्थितिकरण ही दोन अंगे सांगितली आहेत. उपगूहन दुसऱ्याचे दोष झाकण्यासाठी सांगितले आहे. दारिद्र्य हा दोष नव्हेच, तरी ते झाकण्याची गरज मुलाला वाटते, आणि ती गरज जपावी लागते. डळमळणाऱ्याला पुन्हा स्थिर करणे हे स्थितिकरण. शिष्यवृत्ती विभागाचे काम याहून फारसे वेगळे नाही. म्हणून धनादेश वाटपाचा समारंभ, त्यातील छायाचित्रे आणि लाभार्थ्यांच्या नावांची यादी नव्या प्रमुखाने बंद करावी. दानशूर मंडळी प्रथम नाराज होतील. गुप्तदानाचा अभिमान बाळगणाऱ्या समाजात ही नाराजी फार काळ टिकायला नको.

याबाबतीत लक्ष्मीबाई पाटील यांची आठवण ठेवावी. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजच्या जैन कुटुंबात २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मले. १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, पुढे साताऱ्यात वसतिगृह चालवले. सर्व जातींची मुले तिथे एकत्र राहत व जेवत. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी दागिने विकले. अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० मध्ये त्या गेल्या. मुलांना ताटात भाकरी दिसली, तिच्यामागे काय गेले ते त्या वेळी दिसले नाही. १९४७ मध्ये साताऱ्यात कर्मवीरांनी महाविद्यालय काढले तेव्हा मुलांनी कष्ट करून शिकावे हा आग्रह कायम राहिला. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना त्यांच्याच नावाने चालते. ग्रंथालयात, कार्यालयात किंवा बागेत काही तास काम करून मोबदला घेणाऱ्या मुलाला याचक व्हावे लागत नाही. खिडकीपाशी न येणारी मुले या योजनेत मात्र येतात, हे नव्या प्रमुखाने ध्यानी घ्यावे.

शिफारसपत्रांचा प्रश्न उरतोच. नव्या प्रमुखाची पहिली कसोटी बहुधा विश्वस्ताच्या दूरध्वनीने लागते: “आपलाच मुलगा आहे, पाहा जरा.” मुलगा गरजू असेल तर शिफारस लागत नाही, नसेल तर ती उपयोगाची नाही. हे पहिल्याच वेळी नम्रपणे सांगितले तर पुढचे दूरध्वनी आपोआप कमी होतात. पहिल्या वेळी होकार दिला, तर पुढे प्रत्येक नकार वैयक्तिक ठरतो.

मावळत्या प्रमुखांकडून शाल-श्रीफळाच्या समारंभापूर्वी एक वही मात्र मागून घ्यावी: कोणत्या ट्रस्टचा अर्ज कोणत्या महिन्यात बंद होतो, कोणते विश्वस्त फोन उचलतात, कोणत्या माजी विद्यार्थ्याने नाव न सांगण्याच्या अटीवर दरवर्षी पैसे पाठवले. ती नसेल तर त्यांना समोर बसवून लिहून घ्यावी.